गोंदाची नळी आणि रुग्णाची श्रद्धा

दुचाकीवरून पडून जबडा मोडला की सर्जन तो टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून जोडतात. चावण्याचा जोर सोसायचा, तर धातूच हवा. पण कपाळातल्या सायनसची पुढची भिंत फुटली, तर तिचे पातळ तुकडे स्क्रू बसवतानाच आणखी तडकू शकतात. अशा बारीक, भार नसलेल्या तुकड्यांसाठी काही सर्जन गोंद वापरतात.

टायटॅनियमबद्दल धर्मशास्त्रांना फारसे काही म्हणायचे नाही. गोंदाची गोष्ट वेगळी.

फायब्रिन गोंद शरीराचीच युक्ती वापरतो: फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र आले की रक्त गोठते. यातले फायब्रिनोजेन बहुधा रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून येते. थ्रॉम्बिन बरीच वर्षे गुरांच्या रक्तातून काढले जाई; गोंद लवकर विरघळू नये म्हणून घातले जाणारे अ‍ॅप्रोटिनिन गुरांच्या फुप्फुसांतून. आता मानवी थ्रॉम्बिन आणि कृत्रिम अ‍ॅप्रोटिनिन असलेली उत्पादनेही मिळतात. म्हणजे नळीत काय आहे, हे कोणती नळी उघडली त्यावर ठरते.

यहोवाचे साक्षीदार रक्त आणि प्लाझ्मा घेत नाहीत. प्लाझ्मातून वेगळे काढलेले घटक घ्यायचे की नाही, हे त्यांच्यात ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहे. गाईला पूज्य मानणाऱ्या हिंदूला किंवा अहिंसाव्रती जैनाला गुरांचा अंश खुपू शकतो. इस्लाममध्ये नाइलाज असेल तर निषिद्ध वस्तूलाही सवलत आहे, पण नाइलाज खरोखर आहे का, हा प्रश्न उरतोच. एकाच धर्मातली दोन माणसेही वेगवेगळे उत्तर देतील.

मग कृत्रिम गोंदच का नको? हॅरी कूव्हर यांना १९४२ साली दुसऱ्याच कामात सापडलेल्या सायनोअ‍ॅक्रिलेटमध्ये ना रक्त, ना प्राणी. मात्र तो घट्ट होताना उष्णता सोडतो आणि त्याच्या विघटनातून निघणारी द्रव्ये ऊतींना चुरचुरतात. श्रद्धेला सोयीचा पर्याय शरीरालाही सोयीचा असेलच असे नाही. हा तोलमोल रुग्णानेच करायला हवा, कारण पुढे आरशात तो चेहरा त्यालाच पाहायचा आहे.

पुण्याजवळ १७९३च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून नव्याने घडवले गेले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली छापलेल्या वर्णनानुसार, जोड टिकावा म्हणून वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या होत्या. झाडापासून मिळणारा हा चिकट लेप काय आहे, ते समोर दिसत होते. आजच्या बंद नळीतले द्रव्य रुग्णाला दिसत नाही, म्हणून ते सांगावे लागते. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून घेतलेल्या संमतीवरच भर दिला.

घाईची सबब इथे सहसा चालत नाही. श्वास कोंडला नसेल आणि रक्तस्राव थांबला असेल, तर चेहऱ्याच्या हाडांची शस्त्रक्रिया बऱ्याचदा सूज उतरेपर्यंत काही दिवस पुढे ढकलतात. रुग्णाला विचारायला आणि त्याला आपल्या धर्मगुरूशी बोलू द्यायला तेवढा वेळ पुरतो.