पारणे नसलेले व्रत

संयम हा सद्गुण आहे, याविषयी आमच्या वाचकांत दुमत असण्याचे कारण नाही. ज्या समाजात महिन्यातून दोनदा एकादशी येते, श्रावणातल्या सोमवारी चूल उशिरा पेटते आणि देवाला नैवेद्य दाखविल्यावाचून घरातले पान मांडले जात नाही, त्या समाजाला जिभेवर ताबा ठेवण्याचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागत नाही. तथापि हाच सद्गुण आपली सीमा ओलांडून पुढे गेला, तर तो सद्गुणच राहतो की त्याचे दुसरेच काही होते, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो. तो आम्हांस ग्रंथात सापडलेला नाही. आमच्या स्वतःच्या पंक्तीत, केळीच्या पानासमोर बसले असता तो आमच्यापुढे उभा राहिला.

सुमारे अठरा वर्षे आम्ही वजन उतरवीत होतो. कायद्याची परीक्षा देऊन वकिली सुरू केली, बैठे काम वाढले, कोट घट्ट होऊ लागला, आणि कोणा हितचिंतकाच्या सांगण्यावरून आम्ही भात सोडला. गोमंतकात जन्मलेल्या माणसाने भात सोडणे म्हणजे जवळजवळ घर सोडण्यासारखे आहे. पण त्या वेळी त्यात एक प्रकारचा पराक्रम वाटला. चार महिन्यांत आठ किलो वजन उतरले व पुढल्या वर्षात दहा किलो चढले. मग नारळ सोडला. नंतर सकाळी केवळ लिंबूपाणी, नंतर सोळा तासांची उपाशी वेळ, नंतर भाकरीच्या प्रत्येक तुकड्याचे उष्मांक मोबाइलमध्ये टिपून ठेवणे, अशी एकामागून एक दीक्षा आम्ही घेतली. प्रत्येक वेळी वजन उतरले आणि प्रत्येक वेळी व्याजासह परत आले. न्यायालयात युक्तिवाद ऐकत असता मनात दुपारच्या डब्याचा हिशेब चाले. वाढत्या हाताने जवळ येणाऱ्या आईला ‘पुरे’ म्हटले की ती क्षणभर थांबे व म्हणे, “इतलेंच?” त्या एका शब्दात जे दुखावलेपण असे, ते आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करीत असू.

घरात या प्रकाराला ‘बाबांची एकादशी’ असे नाव पडले होते. आम्हीही हसत असू. गेल्या वर्षी नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफेवरून उतरल्या, घरभर तो सुगंध पसरला, आणि आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने पुढे आलेली पातोळी बाजूला सारून शांतपणे सांगितले, “बाबा, म्हजीय आज एकादशी.” त्या दिवशी कोणी हसले नाही. महिनाभर ती आपले मनगट बोटांच्या चिमटीत धरून मापीत असे, हे आम्हांस मागाहून कळले. वारसा म्हणून आपण मुलांना काय देतो, याची मोजदाद वकिलाला मृत्युपत्रे लिहिताना नेहमीच करावी लागते. न लिहिलेला वारसा किती आधी आणि किती पक्का पोचतो, हे आम्हांस त्या पातोळीने शिकविले.

प्रथम विचार आला तो त्या नावाचाच. आमच्या त्या आचरणाला एकादशी म्हणणे योग्य होते काय? व्रताची आपल्याकडची रचना पाहा. व्रताला संकल्प असतो. त्यात काल, हेतू व देवता यांचा उच्चार असतो. व्रताला मर्यादा असते. एकादशीला द्वादशी आहे, आणि द्वादशीला पारणे करणे हा व्रताचाच भाग आहे. पारणे चुकविणे हे शास्त्राने भूषण मानलेले नाही. मोठ्या व्रताला उद्यापन असते व त्यात इतरांना जेवू घालणे असते. शिवाय व्रताला अपवाद असतात. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही, असे परंपरेने स्पष्ट सांगून ठेवले आहे. बालक, वृद्ध, रोगी, गर्भवती यांना सवलत आहे. ज्याने हे नियम घातले त्याला माणसाच्या देहाची माहिती होती आणि त्याविषयी करुणाही होती. उपवास या शब्दाचा अर्थच मुळी जवळ राहणे असा आहे. त्या दिवशी अन्नाचा विचार मागे पडावा व देवाचा पुढे यावा, हा त्याचा हेतू.

आमच्या ‘एकादशी’त यांपैकी काय होते? संकल्प होता, पण देवता नव्हती. तिच्या जागी वजनाचा काटा होता. द्वादशी नव्हती, पारणे नव्हते, उद्यापन तर नव्हतेच. अपवाद एकही नव्हता. आणि अन्नाचा विचार मागे पडण्याऐवजी दिवसभर दुसरा विचारच सुचत नव्हता. बाह्य आकार उपवासाचा, पण आतला देव बदललेला.

हीच गोष्ट आम्ही आमच्या व्यवसायाच्या भाषेत मांडून पाहिली, तेव्हा ती अधिकच विपरीत दिसली. स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे प्राथमिक तत्त्व आहे. येथे फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश व आरोपी एकच होता. आपल्या संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणे एकाच अपराधासाठी कोणावर दोनदा खटला चालवून शिक्षा देता येत नाही. येथे काल खाल्लेल्या एका लाडवाची शिक्षा आज, उद्या आणि परवा भोगावयाची होती. मुदत नसलेली शिक्षा आम्ही दुसऱ्या कोणत्याही अशिलाला मान्य करू दिली नसती. आणि मूळ अपराध कोणता? भूक लागणे.

भूक हा अपराध आहे काय, याचे उत्तर देणारा एक प्रयोग इतिहासात नोंदलेला आहे. १९४४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा अभ्यास सुरू केला. हे तरुण सामान्य मनोबलाचे नव्हते. विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले आणि युद्धपीडितांच्या उपयोगी पडावे म्हणून स्वखुशीने पुढे आलेले असे ते होते. १९४५ साली २४ आठवडे त्यांचा आहार सुमारे निम्म्यावर आणला गेला. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले, आणि त्याबरोबर मनही पालटले. ते चिडचिडे व एकलकोंडे झाले, ताटे चाटू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि अन्नाखेरीज त्यांना काही सुचेना. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमली नाही. १९५० साली हा वृत्तांत दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नैतिक धैर्यात कोणाच्याही मागे नसलेल्या या माणसांची ही गत झाली. तेव्हा रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात डबे धुंडाळणारा माणूस दुर्बल मनाचा असतो, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस आता होत नाही. त्याचे शरीर केवळ आपला जीव राखीत असते.

पुढील संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. २००७ साली ट्रेसी मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारनियंत्रणावरील दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचे वजन गमावल्यापेक्षाही अधिक परत आल्याचे दिसले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दूरचित्रवाणीवरील वजन घटविण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासले. विश्रांतीच्या स्थितीत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाकाठी सुमारे ५०० उष्मांक कमी खर्चीत होते. दुष्काळाची आठवण शरीर विसरत नाही.

आपल्या वैद्यकाने हे निराळ्या रीतीने फार पूर्वी सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात न धरण्याच्या वेगांची गणना आहे, म्हणजे जे दाबून ठेवू नयेत असे शरीराचे वेग तेरा आहेत. त्यांत मलमूत्र, शिंक, अश्रू, निद्रा यांच्याबरोबर भूक व तहान आहेत. त्याच अध्यायात कोणते वेग अवश्य आवरावेत हेही दिले आहे. ते आहेत लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार यांसारखे मनाचे वेग. आम्ही अठरा वर्षे नेमके याच्या उलट केले. भूक दाबली, आणि भय व अहंकार यांना मोकाट सोडले.

येथे एक गंभीर आक्षेप येतो व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. ते २६.४ टक्के होते. म्हणजे आपल्या पंक्तीत बसलेल्या दर चार प्रौढांत एक मधुमेही. अशा प्रदेशात ‘बंधने सोडा’ असे सांगणे हे बेजबाबदारपणाचे नव्हे काय?

आमचे उत्तर असे की, पथ्य आणि दंड यांत भेद केला पाहिजे. वैद्याने मधुमेह्याला साखर वर्ज्य सांगितली, तर ते पथ्य होय. त्याचा हेतू रोग्याचे कल्याण हा असतो, त्याची मात्रा तपासणीनंतर बदलते, आणि ते पाळणाऱ्याला स्वतःची लाज वाटावी लागत नाही. दंडाचा हेतू देहाला नमविणे हा असतो. एकच कृती, उदाहरणार्थ गोड नाकारणे, एका घरी पथ्य असेल व शेजारच्या घरी दंड. ज्यांना वैद्याने पथ्य सांगितले आहे त्यांनी ते निष्ठेने पाळावे. आमचे म्हणणे दंडापुरते आहे.

तो दंड उठविणे मात्र आम्ही समजलो होतो तितके सोपे ठरले नाही. ज्या वैद्यांचा आम्ही सल्ला घेतला त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की, तीन वेळा, ठरल्या वेळी, बसून जेवावे. काटा माळ्यावर गेला. मोबाइलमधली वही पुसली गेली. पहिले दोन महिने आम्ही भात अधाशासारखा खाल्ला व भ्यालो. वजन थोडे वाढलेही. पण हळूहळू असे लक्षात आले की, उद्या पुन्हा मिळणार आहे याची शरीराला खात्री पटली की तिसऱ्या वाढपाला हात आपोआप आडवा येतो. जेवणापूर्वी आपोशन घेण्याची व प्राणाहुती देण्याची लहानपणची सवय आम्ही पुन्हा धरली. पहिले पाच घास आपण आतल्या अग्नीला आहुती म्हणून देतो. ज्याला आहुती द्यावयाची त्याचा द्वेष करता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या विधीत होती, आणि ती आम्ही इतकी वर्षे घाईत विसरलो होतो.

आईला आता “इतलेंच?” असे विचारावे लागत नाही. कधी विचारलेच, तर पोट भरल्याचे आम्ही खरेपणाने सांगतो व ती ते मानते. नकाराचाही मान राहतो, पण केव्हा? होकार देण्याची मोकळीक असते तेव्हा.

मुलीविषयी लिहिताना मात्र आमची लेखणी जपून चालते. उपदेश करण्याचा अधिकार आम्ही पूर्वीच गमावला होता. तिच्यासाठी वैद्यांची मदत घेतली, ती अजून चालू आहे. काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. घरातल्या कोणाच्याही शरीरावर, थट्टेनेही, शेरा मारावयाचा नाही एवढा एक नियम आम्ही केला, आणि तो पाळणे भात सोडण्यापेक्षा कठीण आहे असे आमचा अनुभव सांगतो.

यंदा देवस्थानात समाराधना होती. आम्ही सगळे एका पंक्तीत बसलो होतो. भात, खतखतें, सोलकढी झाली आणि वाढपी मणगण्याचे भांडे घेऊन आला. मुलीने प्रथम आमच्या पानाकडे पाहिले. आम्ही एक डाव घेतले. मग तिने आपले पान किंचित पुढे सरकवले व “मात्शें” असे म्हटले. तिने किती खाल्ले, ते आम्ही पाहिले नाही.