चुकलेला डबा

रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' हा चित्रपट २०१३ साली आला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. साजन फर्नांडिस हा वांद्र्याचा विधुर, ३५ वर्षे सरकारी कचेरीत हिशेब तपासून आता निवृत्तीला टेकलेला. (दिवंगत इरफान खान यांनी तो असा उभा केला आहे की, असे एक-दोन साजन अंकल आपल्याही आळीत दिसू लागतात.) तो मुलांवर खेकसतो आणि रात्री सिगारेट ओढत समोरच्या घरातले कुटुंब एकत्र जेवताना पाहत राहतो.

एके दिवशी इला नावाच्या गृहिणीने नवऱ्यासाठी केलेला डबा चुकून साजनच्या टेबलावर येतो. तिची चिठ्ठी येते. त्यावर साजनचे पहिले उत्तर काय, तर जेवण खारट झाले होते! आभाराचा शब्द नाही. पण रोज डब्यातून चिठ्ठ्या जाऊ-येऊ लागतात. तो गेलेल्या पत्नीविषयी लिहितो, ती आपल्याकडे लक्षच नसलेल्या नवऱ्याविषयी.

विवाहित स्त्रीने परक्या पुरुषाला असे लिहावे का? मी तिला घाईने दोषी ठरवणार नाही. जे घरात ऐकले जात नाही, ते कुठेतरी बोलले जाणारच. पण एक गोष्ट खरी, परक्यापुढे मन उघडणे सोपे असते. त्याला आपला सकाळचा चिडका चेहरा दिसत नाही.

म्हणून मला त्या चिठ्ठ्यांपेक्षा शेख मोठा वाटतो. साजनच्या जागी येणारा हा अनाथ तरुण काम शिकवा म्हणून मागे लागतो आणि साजन त्याला टाळत राहतो. इलाने ऐकून घेतल्यावर मात्र हाच साजन त्याला आपल्या डब्यातले वाढू लागतो. पुढे शेखच्या लग्नात त्याच्या बाजूने घरचे माणूस म्हणून उभा राहतो. साजन आणि इला शेवटी भेटतात की नाही, हे चित्रपट सांगत नाही. शेखला मात्र माणूस मिळाले.

रविवारी मिस्सा संपल्यावर दहा मिनिटांत आपले आवार रिकामे होते. शेवटच्या बाकावर बसणारे एक वयस्कर गृहस्थ मला कित्येक वर्षे चेहऱ्याने माहीत आहेत. शांतीचे अभिवादन करताना आम्ही एकमेकांना हात जोडतो. गेले दोन रविवार ते दिसले नाहीत. चौकशी करायला निघालो, तेव्हा लक्षात आले की त्यांचे नावच मला ठाऊक नाही.