वर्ध्यात कोणी पीत नाही

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या जिल्ह्यात, तिथे सरकारमान्य दारूचे दुकान शोभत नाही, एवढ्या एका साध्या वाक्यावर ही बंदी अर्धशतक टिकून आहे. हे वाक्य चूक आहे असे भर सभेत म्हणणारा पुढारी वर्ध्यात विरळाच. आणि जिल्ह्यात दारू मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक. मोहाचा सडवा, हातभट्टी, नागपूर-यवतमाळच्या हद्दीतून येणाऱ्या पेट्या, पोलिसांच्या 'वॉश आऊट' मोहिमा यांच्या बातम्यांनी स्थानिक पानांचा एक कोपरा वर्षानुवर्षे भरलेला असतो.

ग्रामसभेत दारूचा विषय निघाला की ठराव एकमताने होतो. सरपंच विचारतात, "कोणाचा विरोध?" मागच्या रांगेतून उत्तर येते, "इरोध कायले राहीन जी?" हात वर होतात. त्यातले काही हात संध्याकाळी नाल्याकडे वळणार आहेत हे हात मोजणाऱ्याला माहीत असते. आणि त्याला ते माहीत आहे, हे हात वर करणाऱ्यालाही माहीत असते. ठराव वहीत चढतो. वहीतली नोंद खोटी म्हणता येत नाही. सभेत हात खरोखरच वर गेलेले असतात.

मुंबई-पुण्याकडचे पाहुणे याला ढोंग म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. लोकमत म्हणजे प्रत्येकाच्या मनातल्या मतांची बेरीज, असे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकतो. प्रत्यक्षात चारचौघांत मान खाली न घालता जे बोलता येते, ते लोकमत. मनात असूनही जे चारचौघांत बोलता येत नाही, ते कितीही जणांच्या मनात असले तरी राजकारणाच्या लेखी नसतेच. वर्ध्यात 'आम्हाला दुकान हवे' हे वाक्य बोलता येत नाही. म्हणून तसे मत तिथे नाही.

योगायोग असा की वर्ध्यात बंदी आली त्याच १९७४ साली जर्मनीत एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जनमत चाचण्या घेणाऱ्या बाईंनी आपला मौनाचा सिद्धांत मांडला. आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की दुसरी बाजू आहे त्याहून मोठी दिसते. ती मोठी दिसली की आणखी दहाजण गप्प होतात. १९६५ च्या पश्चिम जर्मनीतल्या निवडणुकीत त्यांना दिसले होते की दोन मोठ्या पक्षांना मत देऊ म्हणणारे महिनोन्‌महिने जवळपास सारखेच होते, पण 'जिंकणार कोण' या प्रश्नाचे उत्तर एका बाजूला झुकत गेले आणि शेवटी मतेही तिकडे सरकली. आपल्याकडे 'हवा' म्हणतात ती हीच. नाक्यावरचा चहावाला 'हवा कोणाची' हे सांगतो तेव्हा तो स्वतःचे मत सांगत नसतो, इतरांचे काय असेल याचा अंदाज सांगत असतो. तोच अंदाज पुढे मत होतो.

मौनाचे राजकारण काय करते हे वर्ध्याने याहून मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ रोजी पवनारला वर्षभराचे मौन धरले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. मौनातल्या विनोबांनी लिहून दाखवलेले दोन शब्द, 'अनुशासन पर्व', सरकारने उचलले आणि देशभर फलकांवर रंगवले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे असते. जानेवारी १९७६ मध्ये पवनारलाच आचार्यांचे संमेलन भरले आणि देशाची घडी पूर्ववत व्हावी असे निवेदन निघाले. ते दिल्लीपर्यंत पोचवण्याची खटपट श्रीमन्नारायण यांनी केली. हे वर्ध्याचे पहिले खासदार, म्हणजे परके नव्हेत. दिल्लीने दखल घेतली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, विनोबांच्या गोहत्याबंदीसाठीच्या उपोषणाची बातमी छापली म्हणून आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. ज्याचे दोन शब्द भिंतीवर रंगवले, त्याचेच मासिक उचलून नेले! भिंतीवरचे शब्द सगळ्यांनी वाचले. निवेदन आणि जप्ती सेन्सॉरच्या कात्रीमुळे कितीजणांपर्यंत पोचली असेल ते सांगायला नको.

१९७७ मध्ये उत्तर भारताने काँग्रेसला साफ झोपवले. महाराष्ट्राने ४८ पैकी २० जागा दिल्या, आणि त्यात वर्धा होते: संतोषराव गोडे काँग्रेसतर्फे निवडून आले. भिंतीवरच्या दोन शब्दांमुळे ते निवडून आले असे मी म्हणत नाही. विदर्भाची काँग्रेसनिष्ठा त्याहून जुनी होती. पण मत बनायला लागणारा कच्चा माल कोणाच्या हातात होता, हे विसरून त्या निकालाकडे 'जनतेचा कौल' म्हणून पाहता येत नाही. पुढे १९९१ मध्ये याच मतदारसंघाने वसंत साठे यांना पाडून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांना लोकसभेत पाठवले. साठे नभोवाणीमंत्री असताना देशात रंगीत टीव्ही आला. घराघरात चित्र पोचवणाऱ्या मंत्र्याला आपल्याच मतदारसंघाचे चित्र दिसले नाही, असा टोमणा मारायचा मोह होतो. तो आवरतो, निवडणूक हरण्याची कारणे सहसा इतकी सुबक नसतात.

दारूकडे परत येऊ. बंदी टिकावी असे वाटणाऱ्यांत सर्वोदयी कार्यकर्ते आहेत तसे चोरटी दारू विकणारेही आहेत. दुकाने उघडली तर पहिला धंदा त्यांचाच बसेल. ब्रूस यांडल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८३ मध्ये हीच गंमत त्यांच्याकडच्या धर्मोपदेशकांच्या आणि दारूतस्करांच्या संदर्भात सांगितली होती: एक नैतिक कारण पुरवतो, दुसरा पैसा. वर्ध्यात दोघे एका व्यासपीठावर येत नाहीत, यायची गरजही पडत नाही.

तरी मी बंदीला नुसते ढोंग म्हणणार नाही. कारण तिसराही एक पक्ष आहे. परवान्याचे दुकान असलेल्या गावात नवरा पिऊन आला तर बाई भांडू शकते ती नवऱ्याशीच. दुकान कायदेशीर, विक्री कायदेशीर, पिणेही कायदेशीर. वर्ध्यात तीच बाई दारूबंदी मंडळाच्या चार बायांना घेऊन ठाण्यावर जाते आणि "तुमच्या हद्दीत विकतेच कशी?" असे ठाणेदाराला विचारू शकते. ठाणेदार दरवेळी ऐकतो असे नाही. पण उत्तर त्याला द्यावे लागते. चारचौघांत कोणी पिण्याची बाजू घेऊ शकत नाही, हे बाईचे भांडवल आहे. ज्या लोकमताला आपण खोटे म्हणून हसतो, ते कमकुवत माणसाच्या हाती असे हत्यार देऊन जाते.

मग हेच लोकमत मोडते कसे? त्यासाठी शेजारी चंद्रपूरला जावे लागेल. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या श्रमिक एल्गार या संघटनेच्या हाकेवर हजारो बाया दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले, देवतळे समिती बसली, अहवाल आला आणि तसाच पडून राहिला. सरकार बदलले, सुधीर मुनगंटीवार मंत्री झाले, आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर कोरडे झाले. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. मधल्या काळात प्रशासनाने लोकांचे अभिप्राय मागवले होते. ते लाखांनी आले आणि त्यातले बहुसंख्य बंदी उठवा म्हणणारे होते. बंदीचा आढावा घेणारी रमानाथ झा समिती त्यानंतरची.

आता यात लोकमत कोणते? कडाक्याच्या थंडीत नागपूरपर्यंत चाललेले पाय, की गठ्ठ्याने आलेले अर्ज? आकड्यांनी पाहिले तर अर्ज जिंकतात. पण अर्जावर सही करायला एक मिनिट लागते आणि ती सही कोणी करून घेतली हे कागदावर उमटत नाही. शेतमजूर बाई आठवड्याची मजुरी बुडवून चालते तेव्हा तिच्या मताला वजन आलेले असते. राजकारण्याला हे वजन कळते, म्हणून तो मोर्चाला घाबरतो. मात्र ते वजन मतपेटीत उतरतेच असे नाही, हेही त्याला कळते. याच पारोमिता गोस्वामी २०१९ मध्ये ब्रह्मपुरीतून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. जिंकले विजय वडेट्टीवार, जे पालकमंत्री असताना पुढे बंदी उठली. म्हणजे बायांचा दारूविरोध खोटा होता काय? मुळीच नाही. निवडणुकीतले एक मत जात, उमेदवार, कापसाचा भाव, घरकुलाचा हप्ता, गावातला गट अशा दहा गोष्टींचे ओझे घेऊन पेटीत पडते. त्यातून दारूचा कौल वेगळा निवडून काढणे म्हणजे पिठातून मीठ वेचणे.

तो वेगळा काढण्याची एक सोय महाराष्ट्रात आहे. लोक तिला 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी दुकान बंद करण्याची मागणी सहीनिशी केली की सह्या तपासल्या जातात आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, म्हणजे दुकान राहू द्या, आणि एक आडवी, म्हणजे बंद करा. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळावे असे चित्र. खोलीत ती एकटी असते. नवरा नाही, दुकानदाराचा माणूस नाही, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षबाईसुद्धा नाहीत. ग्रामसभेत जे बोलता येत नाही तेही इथे करता येते, दोन्ही बाजूंनी.

अट मात्र जबर आहे. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला लागतात. कामाला सुरतेला गेलेली, सासरी नांदायला गेलेली आणि यादीतून नाव कमी न झालेली मयत बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या खात्यात मोजली जाते. झालेल्या मतांपैकी तीसेक टक्के मिळवून आमदार होता येते, तो मंत्रीही होतो, आणि साडेबारा कोटी लोकांचे धोरण ठरवतो. एका देशी दारूच्या दुकानाला मात्र यापेक्षा भक्कम संरक्षण आहे. हा आदेश लिहिणाऱ्याला बायांच्या मताची भीती वाटली असणार, अशी माझी शंका आहे.

लोकमत मोजण्याआधी ते घडते, आणि घडण्याच्या जागा आपल्याकडे कमी आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने ती जागा केली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि तिच्या बाजूला अभ्यास गट असतो, जिथे फक्त चर्चा होते, निर्णय होत नाही. निर्णय नसल्यामुळे हार-जीत नाही, आणि हार नसल्यामुळे माणूस मनातले बोलतो. मोहनभाऊंच्या या विचारामागे विनोबांचे सर्वसहमतीचे तत्त्व होते. विनोबांचा बहुमतावर फारसा विश्वास नव्हता. मला त्यांचे सगळे पटत नाही. मोठ्या जिल्ह्यात सर्वसहमती म्हणजे पुन्हा तेच, हात वर आणि तोंड बंद. पण बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवावी, ही गोष्ट वर्ध्याच्या ग्रामसभांनी मेंढ्याकडून घेण्यासारखी आहे.

वृत्तपत्रांनाही त्यात काम आहे. वर्ध्याला येण्याआधी पंचवीस वर्षे, १९०९ मध्ये, गांधीजींनी 'हिंद स्वराज्य'मध्ये वर्तमानपत्राची तीन कामे सांगितली होती: लोकभावना ओळखून ती मांडणे, चांगल्या भावना जागवणे, आणि लोकांतले दोष निर्भयपणे दाखवणे. पहिले काम आज सगळेच करतात, कारण त्यात खप आहे. तिसऱ्यात तोटा असतो. लोकांचा रोष पत्करून असा दोष दाखवल्याचे उदाहरण वर्ध्यातच आहे. जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडले. त्या दिवशी शहरात कौल घेतला असता तर तो काय लागला असता, याबद्दल मला तरी शंका नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि सर्व पक्षांना एक विनंती. वर्ध्याच्या बंदीबद्दल अर्ज मागवू नका, सभेत हात वर करायला लावू नका. आधी वर्षभर गावोगाव अभ्यास गट बसू द्या. पोलिसांनी जप्तीचे, सरकारी दवाखान्यांनी दारूच्या रुग्णांचे आकडे तिथे खुले करावेत. मग एकदा संपूर्ण जिल्ह्यात उभ्या-आडव्या बाटलीचे गुप्त मतदान घ्या, आणि बाया व पुरुष यांची मते वेगवेगळी मोजून जाहीर करा. बंदी ठेवायची की उठवायची, हे त्यानंतर बोलू.