निकालानंतरचे सहा महिने

परभणीहून किंवा नंदुरबारहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचा शेवटचा पेपर होतो आणि वसतिगृहाची खोली रिकामी करायची वेळ येते. शिष्यवृत्तीही तिथेच संपते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. अभ्यासक्रम पूर्ण झाला की तेही थांबतात. नोकरी शोधण्यासाठी शहरात टिकून राहणे जेव्हा सर्वांत गरजेचे असते, नेमके तेव्हाच सगळे आधार एकदम निघून जातात.

कॉट बेसिसवरची जागा, तिचे डिपॉझिट, मेसचे पैसे, हिंजवडीपासून चाकणपर्यंत मुलाखतींच्या खेपा. घरून दर महिन्याला पैसे येणारा मुलगा पहिल्या दोन-तीन नोकऱ्यांना नाही म्हणू शकतो. ज्याच्या घरचे त्याच्याच पहिल्या पगाराकडे डोळे लावून बसले आहेत, तो मिळेल ते धरतो : कॉल सेंटर, डिलिव्हरी, ठेकेदाराकडची बिनहमीची हजेरी. मग पुढच्या मुलाखतीत शिकलेल्या विषयातला अनुभव विचारतात आणि तो त्याच्याकडे नसतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने निघालेल्या २०२४च्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ साली पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. यावरून शिकणे वाया गेले असा अर्थ कुणी काढू नये. निरक्षर तरुणाला रिकामे बसणे परवडतच नाही, हे या आकड्यामागचे एक मोठे कारण आहे. थांबू शकणे हेही भांडवलच आहे, आणि गरीब घरातल्या पदवीधराकडे पदवी आली तरी ते भांडवल आलेले नसते.

ही मुले मागे पडली की बोट ठेवले जाते ते त्यांच्या इंग्रजीवर आणि बोलण्याचालण्यावर. प्रशिक्षण जरूर द्यावे. पण दोष सगळा मुलांचाच नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. मुस्लिम नावाला त्याहूनही बरीच कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे लोक मुलाखतीत उमेदवाराच्या घराची चौकशी आवर्जून करतात. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही सॉफ्ट स्किलच्या वर्गात सुधारता येत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा मुलाच्या जेवणाची आणि राहण्याची सोय हा त्यांनी शिक्षणाचाच भाग मानला. ‘कमवा आणि शिका’ त्यातूनच उभी राहिली. तोच विचार आज आणखी एक पाऊल पुढे, पहिल्या नोकरीपर्यंत न्यायला हवा.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला सहा महिने दरमहा १० हजार रुपये. पुढे मुदतही वाढवली. पैसे थेट हातात पडत होते, ही चांगली गोष्ट. पण मुदत संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर योजनेत नव्हते आणि प्रशिक्षणार्थींना कायम कामासाठी रस्त्यावर उतरावे लागले. त्यापेक्षा स्वाधारचाच भत्ता निकालानंतर सहा महिने चालू ठेवावा, वसतिगृहातली खाटही तेवढे दिवस राहू द्यावी. खर्च फार नाही; तीन वर्षे केलेला खर्च तरी सार्थकी लागेल.

उरते ती ओळख, आणि ती सरकारला देता येत नाही. वाचकांपैकी जे आज बऱ्या हुद्द्यावर आहेत, त्यांनी आपल्या कार्यालयात फ्रेशरची जागा निघाली की एकदा आपल्या तालुक्याच्या कॉलेजात फोन करावा आणि ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कुणी नाही, त्याचे नाव विचारून घ्यावे.