तलवारीची मूठ आणि तलवारीचे पाते



काही रविवारांपूर्वीची गोष्ट आहे. मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवीतला एक मुलगा बायबलच्या आड दुसरेच पुस्तक धरून बसला होता. मी ते काढून घेतले. कोपरे दुमडलेले जुने हिंदी कॉमिक निघाले. आत पिळदार देहाचा वीर, जादूची तलवार, आणि पानोपानी तुटलेली राक्षसांची मुंडकी. मी रागावून विचारले, "असले रक्त पाहायला बरे वाटते का तुला?" तो मान खाली घालून म्हणाला, "पण सर, त्यानं राक्षसालेच त मारलं ना जी. माणसाले नाही मारलं."

मी त्याला गप्प बसवले, पण उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. लहानपणी मीही हीच पुस्तके भाड्याने आणून कंदिलाच्या उजेडात वाचली होती. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा भोकाल तेव्हा आम्हा मुलांचा लाडका होता. परीलोकातून आलेला हा योद्धा महागुरूचा जयघोष करी आणि त्याच्या हाती तलवार व ढाल प्रकट होत. त्याची चित्रे कदम स्टुडिओची असत. याच मराठी चित्रकार दिलीप कदम यांनी १९८५ पासून 'अमर चित्र कथे'साठी ४२ अंकांचे महाभारत चितारले. म्हणजे कुरुक्षेत्र आणि भोकालचे रणांगण एकाच घराण्याच्या कुंचल्यातून उतरले. रक्त इथेही होते आणि तिथेही. मग एक पुस्तक आपण मुलांना बक्षीस देतो आणि दुसरे हिसकावून घेतो, ते कशाच्या आधारावर?

ही चिंता फक्त आपली नाही. तलवार आणि जादूटोणा यांच्या कथांचा मोठा नायक म्हणजे कोनान. अमेरिकन लेखक रॉबर्ट हॉवर्ड यांनी त्याला १९३२ मध्ये जन्माला घातले आणि १९७० पासून त्याची कॉमिक्स निघू लागली. त्याआधी, १९५४ मध्ये, फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. मोठी खळबळ माजली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियम घालून घेतले. पुढे २०१२ मध्ये कॅरोल टिली या संशोधिकेने वर्थम यांची कागदपत्रे तपासली, तेव्हा दिसून आले की त्यांनी मुलांच्या हकिगतींमध्ये फेरफार केले होते. यात आपल्यासाठी धडा आहे. चांगल्या हेतूने दिलेली खोटी साक्ष ही शेवटी खोटी साक्षच. एक कॉमिक वाचले म्हणून मुलगा खुनी होतो, असे मी म्हणणार नाही. तसे असते तर आमची अर्धी पिढी तुरुंगात असती.

पण म्हणून पाहण्याचा मनावर काहीच परिणाम होत नाही, असेही नाही. संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथात अलिपियुस या मित्राची हकिगत सांगितली आहे. अलिपियुस रोममध्ये कायद्याचे शिक्षण घेत होता. माणसे एकमेकांना ठार मारतात ते खेळ त्याला मुळीच आवडत नसत. मित्रांनी त्याला जबरदस्तीने रंगभूमीवर नेले. तिथे तो डोळे घट्ट मिटून बसला. अचानक लोकांचा प्रचंड गलका उठला, त्याला राहवले नाही आणि त्याने डोळे उघडले. त्या एका क्षणात तो बदलला. आता तोही ओरडू लागला, पुन्हा येऊ लागला आणि इतरांनाही ओढून आणू लागला. त्याने कोणाला मारले नाही. पण दुसऱ्याची जखम ही त्याच्यासाठी करमणूक झाली. अलिपियुसचे नुकसान झाले ते इथे.

मग रक्ताचे प्रत्येक चित्र वाईट म्हणायचे का? तसे म्हणावे तर आपल्याला आधी वेदीवरचा क्रूस उतरवावा लागेल. खिळे ठोकलेले हात, भाल्याने भोसकलेली कूस, काट्यांचा मुकुट, यापेक्षा हिंसक चित्र कोणते? तरीही त्या चित्राखाली आपली आई गुडघे टेकून रडते, आणि तिच्या मनात कोणाला मारण्याची इच्छा येत नाही.

विचार करता करता मला हा फरक असा उमगला. तलवारीला मूठ असते आणि पाते असते. काही चित्रे आपल्याला मुठीच्या बाजूला उभे करतात. तिथे हात आपला, जोर आपला, विजय आपला. समोरचा फक्त कापला जाण्यासाठी जन्मलेला. त्याला नाव नाही, आई नाही, घर नाही. काही चित्रे मात्र आपल्याला पात्याच्या बाजूला, ज्याला घाव बसतो त्याच्याजवळ नेऊन उभे करतात. क्रूस आपल्याला तिथे उभे करतो. महाभारतही युद्ध जिंकून संपत नाही. त्यात स्त्रीपर्व आहे, प्रेतांच्या खचात आपली मुले शोधणारी गांधारी आहे. भोकालच्या राक्षसासाठी रडायला मात्र कोणी येत नाही.

म्हणूनच त्या मुलाचे उत्तर मला लागले. "राक्षसालेच मारलं." कॉमिकमधला राक्षस कागदाचा आहे, त्याला मारून कोणाचे काही जात नाही, हे खरे. पण समोरच्याला आधी राक्षस ठरवायचे आणि मग निर्धास्त मारायचे, ही सवय कागदावर राहत नाही. हे आपल्या अहेरीला कोणी शिकवायला नको. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. तेही कोणाची तरी मुले होती. पलीकडे बंदूक धरलेल्यांमध्येही याच जंगलातली, याच बोलीची पोरे होती. दोन्हीकडून एकमेकांना नाव होते ते एकच: शत्रू. दोन्हीकडे आया रडल्या.

पवित्र शास्त्रातही एक तलवार आहे. गेथशेमानी बागेत पेत्राने ती उपसली आणि महायाजकाच्या दासाचा उजवा कान कापला. कॉमिक असते तर पुढच्या चौकटीत त्या दासाचे मुंडके उडाले असते. प्रभूने मात्र तलवार म्यानात घालायला सांगितली, आणि लूक सांगतो की त्याने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. योहान आणखी एक गोष्ट करतो. तो त्या दासाचे नाव लिहून ठेवतो: मल्ख. शत्रूच्या बाजूचा साधा नोकर, पण त्याला नाव आहे. नाव असलेल्या माणसाला राक्षस म्हणणे कठीण जाते.

आज हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने अनेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याआधीही कितीतरी जण परतले. उद्या त्यातला कोणी आपल्या आठवडी बाजारात भाजी घेताना शेजारी उभा राहील. ज्यांनी माणूस गमावला, त्यांना लगेच क्षमा करा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. न्याय मागणे हा त्यांचा हक्क आहे. पण न्यायसुद्धा माणसालाच द्यायचा असतो, राक्षसाला नव्हे.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला त्याचे कॉमिक परत केले. फाडले नाही, जाळले नाही. आम्ही दोघांनी मिळून ते वाचले. चित्रे सुरेख होती, घोड्याच्या मानेची एक रेषा तर पाहतच राहावी अशी. मग मी एवढेच विचारले, "या राक्षसाचं नाव काय असेल रे?" तो हसला. थोडा वेळ पान उलटवत राहिला. मग म्हणाला, "लिहिलंच नाही जी."

पालकांनो, मुलांच्या दप्तरात अशी पुस्तके सापडली, किंवा मोबाईलवर असले खेळ दिसले, तर हिसकावून घेण्याआधी एकदा शेजारी बसा आणि हाच प्रश्न विचारा. आणि मुलांना विचारण्यापूर्वी, आपण मोठ्यांनी मनात कोणाकोणाची नावे पुसून टाकली आहेत, ते आज घरी जाताना आठवून पाहू या.