हिचामीचं 'िहचामी' कुणी केलं?

बस खाली. कॉम्प्युटरला हात लावू नकोस. आधी हा कागद वाच, आणि मोठ्याने वाच.

अडखळलास ना पहिल्याच ओळीला? 'िहचामी'. खाली 'ितम्मा'. त्याखाली 'दुवार्'. कुणाची नावं आहेत ही? सूरजागडच्या पायथ्याशी पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसांची. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जोडायची यादी होती ही. ग्रामसभा बसली, ठराव झाला, म्हाताऱ्या माणसांनी अंगठे दिले. आणि जुन्या कृतिदेव फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये न्यायला तू एक बटण दाबून अख्ख्या गावाची आडनावं मोडून ठेवलीस. वर मला सांगतोस, 'सर, मॅक्रोच खराब होता.'

तो मॅक्रो तू वाचला होतास का? मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतला, चिकटवला, चालवला. चाळीसच्या गतीची मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेला मुलगा तू! कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टंकतात आणि 'ह' नंतर, हे तुझ्या बोटांना पाठ आहे. युनिकोडमध्ये 'ह' आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर. म्हणजे अक्षरं बदलून काम संपत नाही, वेलांटी उचलून व्यंजनाच्या पुढे न्यावी लागते. रफाराचं याच्या उलट. कृतिदेवमध्ये तो 'वा' टंकून झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये त्याला काना ओलांडून 'व'च्या आधी आणावं लागतं. तुझ्या मॅक्रोत ही दोन्ही कामं करणाऱ्या ओळी होत्या. लांबलचक वाटल्या म्हणून तूच त्या काढल्यास. जुनी प्रत उघडून पाहिली आहे मी.

मोडलेली नावं निदान डोळ्यांना खुपतात. मला जास्त राग आहे तो 'आत्राम'चा. शोध खिडकीत 'आत्राम' टाकलं, उत्तर आलं शून्य. गडचिरोलीतल्या गावाच्या यादीत एकही आत्राम नाही? तुला शंकासुद्धा आली नाही! अरे, तुझ्या मॅक्रोने आधी 'अ' बदलला आणि मग काना बदलला. 'अ' आणि काना शेजारी बसले, पण 'आ' हे अक्षर तयार झालंच नाही. काही फॉन्टांत ते सारखंच दिसतं, काहींत मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं. संगणकाच्या लेखी मात्र तो माणूस यादीतच नाही. आधी 'औ', 'ओ', 'आ' बदलायचे आणि सगळ्यांत शेवटी एकटा 'अ'. मोठी जोडी आधी, सुटं अक्षर नंतर. फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं हे मी?

आणि ही ओळ कुणी घातली? 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट'. चूक आली तरी थांबू नकोस, पुढे चल, असा हुकूम आहे हा! नावांच्या तक्त्यात उभे जोडलेले कप्पे आहेत. त्यातली एकेक ओळ धरायला गेलं की वर्ड ५९९१ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. तो तुला हाक मारून सांगत होता की इथे ओळी धरता येत नाहीत, एकेक कप्पा धरून चल. तू त्याचं तोंड बांधलंस. अर्धा तक्ता तसाच राहिला आणि पडद्यावर सगळं सुरळीत दिसलं म्हणून तू छापून दिलंस.

मॅक्रोने अक्षर मोठं का होत नाही, म्हणून दोन तास घालवलेस म्हणे. वर्डच्या लेखी देवनागरी ही जटिल लिपी आहे. तिचा आकार 'साइझ'ने नाही, 'साइझबीआय'ने बदलतो, ठळकपणा 'बोल्डबीआय'ने. आणि मॅक्रोच्या खिडकीत थेट मराठी टंकलं की प्रश्नचिन्हं उमटतात, तिथे अक्षराचा क्रमांक द्यावा लागतो. 'क'चा २३२५, वेलांटीचा २३६७. माहीत नव्हतं, तर विचारायचं होतंस. न विचारल्याबद्दल बोलतोय मी.

तुला वाटत असेल, एका वेलांटीसाठी सर एवढे का तापले. ज्या सूरजागडच्या डोंगरात दर जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा भरते, तिथला लोहखनिजाचा खाणपट्टा ३४८.०९ हेक्टरांचा आहे, २००७ सालचा. दशांशानंतरचे ते शून्य नऊसुद्धा कागदावर नीट आहेत. आणि आपल्या माणसांची आडनावं उलटीपालटी? वनहक्क कायदा २००६ चा. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे. सातबाऱ्यावर 'दुर्वा' आणि दाव्यात 'दुवार्' असेल तर त्रुटी म्हणून कागद परत येतो. मग त्या माणसाने मजुरी बुडवून पुन्हा तालुक्याच्या गावी, एटापल्लीला यायचं. त्याच्या एसटीचे पैसे तू देणार आहेस?

रडू नकोस. रडून वेलांटी जागेवर जात नाही.

मूळ कृतिदेवची फाइल आहे ना? नशीब. आधी तिची प्रत काढ आणि मूळ फाइलला हात लावू नकोस. ती चूक दडपणारी ओळ पुसून टाक. वरती 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' लिही. जिथे फॉन्ट कृतिदेव आहे तेवढाच मजकूर धर, इंग्रजी शब्दांना धक्का लागता कामा नये. आधी फक्त पाच नावं घे आणि एफ-आठ दाबत एकेक ओळ चालव. प्रत्येक ओळीनंतर नाव काय झालं ते वहीत लिही. पाचही बरोबर आली की मग सगळी यादी.

आणि छापण्याआधी हातातलं रजिस्टर घेऊन त्या गावात जायचं. गावप्रमुख भूमियासमोर बसून एकेक नाव वाचायचं, आणि त्या-त्या घरच्या माणसाने मान हलवली की मगच पुढचं. उद्या नऊची गाडी आहे. मी येतोय सोबत.