मुलाच्या पावलांचा माग



अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा या बाजूच्या वस्त्यांत प्रवचनाला गेलो की वंदना आटोपल्यावर चहाच्या वेळी कोणीतरी बाप किंवा आई मला हमखास बाजूला घेते. "गुरुजी, पोरगा हाताबाहेर गेला." पोरगा पंधरा-सोळाचा. शाळेतून येतो, दप्तर फेकतो, मोबाईल घेऊन पडतो, नाहीतर रेल्वेच्या पुलावर जाऊन बसतो. विचारले तर म्हणतो, बोअर होतंय. वंदनेला बस म्हटले की उठून जातो. मागच्या पावसाळ्यात भेटलेल्या एका बापाची तक्रार तर आणखी पुढची होती. मुलगा शेजारच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवून आला. बापाने कानाखाली दिली. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही. "आम्ही दीक्षा घेतली ती याच्यासाठी काय?" असे तो मला विचारत होता.

बुद्ध, धम्म आणि संघ या तिन्हींना शरण जाणारा पहिला गृहस्थ कोण, हे आपणास ठाऊक आहे काय? तोही अशाच मुलाचा बाप होता.

महावग्गात ही हकीकत आहे, आणि परमपूज्य बाबासाहेबांनीही आपल्या धम्मग्रंथात ती घेतली आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा मुलगा यश. हिवाळ्याचा, उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा असे तीन वाडे त्याच्यासाठी बांधलेले. पावसाळ्याचे चार महिने गाणेबजावणे चाले आणि त्याला खाली उतरण्याचीही गरज पडत नसे. एका रात्री त्याला जाग आली. दिवा जळत होता, गाणारे-वाजविणारे वेडेवाकडे झोपले होते. त्याला त्या सगळ्याची किळस आली. सोन्याच्या पादुका पायांत घालून तो घराबाहेर पडला आणि सगळे छळ आहे, सगळे जाच आहे असे बडबडत ऋषिपतनाच्या मृगदायात पोचला. पहाटेची वेळ होती. तथागत उघड्यावर चंक्रमण करीत होते. त्यांनी त्याला हटकले नाही. कोणाचा तू, रात्री-अपरात्री का फिरतोस, असे विचारले नाही. येथे जाच नाही, ये, बस, एवढे म्हणून त्याला जवळ बसविले आणि त्याला समजेल अशा क्रमाने बोलू लागले.

सकाळी आई पाहते तो मुलगा नाही. बापाने चारी दिशांना घोडेस्वार पाठविले. पण स्वस्थ न बसता तो स्वतःही निघाला, आणि पादुकांच्या ठशांचा माग काढीत तथागतांपाशी पोचला. आला होता मुलाला परत न्यायला. ऐकत बसला, आणि उपासक झाला. पुढे यशाची आई आणि पत्नीही उपासिका झाल्या. मुलाचे चार मित्र आले, त्यांच्यामागून आणखी पन्नास तरुण आले. एका कंटाळलेल्या मुलामागे एवढी माणसे धम्मात आली.

आपल्या मुलाला तीन वाडे नाहीत हे मला कळते. त्याला वन रूम किचन आहे. बाप पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री नऊला परततो. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्यांना आठवेल, तेथे मधून जाणारा लांब सामायिक बोळ होता, समोर मैदान होते, आणि पोर कोठे आहे हे दहा घरांना ठाऊक असे. लाईनीच्या या टोकाला इमारती आधी आल्या, मैदान आलेच नाही. विहार आहे, पण त्याला कुलूप आहे. १४ एप्रिलला डीजेपुढे रात्रभर नाचणाऱ्या मुलांना आपण नावे ठेवतो. उरलेल्या दिवशी त्यांना आपण काय देतो? तो मुलगा आरतीला देवासाठी गेला नव्हता, ढोलासाठी आणि मित्रांसाठी गेला होता.

मी त्याची तरफदारी करीत नाही. अवेळी रस्त्यावर भटकणे, जुगार, वाईट मित्र, आळस यांनी घर कसे धुतले जाते हे तथागतांनी सिगालाला एकेक करून सांगितले आहे. आजचा जुगार मोबाईलमध्ये आहे एवढाच फरक. पण तो सिगाल कसा होता, तेही पाहा. मरत्या बापाने सांगितले म्हणून रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडणारा आज्ञाधारक मुलगा! का जोडतो, हे त्याला माहीत नव्हते. तथागतांना तेवढी आज्ञाधारकता पुरेशी वाटली नाही.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. सुभेदार रामजी मुलांना रामायण-महाभारत वाचावयास लावीत. मुलाने विचारले, ज्यांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना हीन लेखले आहे ती पुस्तके आपण का वाचायची? लष्करी शिस्तीचा तो बाप, तरी त्याने प्रश्नाला उत्तर दिले. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन, आपल्या मुलांच्या मनातला कमीपणा जावा म्हणून, असे सांगितले. मुलाला ते उत्तर पटले नाही, आणि पटले नाही हे त्याने पुढे लिहूनही ठेवले.

बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या, त्या समजून घेतल्या. मुलाच्या वतीने त्या आपणच घेतल्या आहेत, हे विसरू नका. गावच्या पाणवठ्यावर आपल्या आईला काय ऐकावे लागले, घरातले देव काढताना कोण रडले, भावकीने काय केले, हे त्याला कधी सांगितले आहे काय? मी ज्या घरांत विचारतो तेथे बहुधा उत्तर येते, "त्याला काय सांगायचं, तो लहान आहे." लहान आहे, पण आपला हात उठतो तेव्हा तो लहान नसतो!

त्या कानाखाली देणाऱ्या बापाला मी म्हटले, एक दिवस पुलावर जाऊन त्याच्या शेजारी बसा, बोलावयास जाऊ नका. आणि कमिटीला म्हटले, विहाराची किल्ली संध्याकाळी या पोरांकडे द्या, कॅरम ठेवा, दोन पुस्तके ठेवा, झाडलोट त्यांनाच करू द्या. कमिटीने अजून विषय सभेपुढे घेतलेला नाही. बापाचा मात्र फोन आला. तासभर बसलो, म्हणाला, पोरगा काही बोलला नाही, उठूनही गेला नाही. दोघांनी वडापाव खाल्ला. पुन्हा कधी जाणार, असे मी विचारले.

"उद्या सेकंड शिफ्ट आहे गुरुजी. परवा जातो."